पाठराखीण नसलेली पाठवणी

भाच्याला दवाखान्याच्या मनोविकार वॉर्डातून सोडलं त्या दिवशी आम्ही तिघं बाहेर पडलो. फाईल ताईकडे, गोळ्यांची पिशवी माझ्याकडे आणि भाच्याच्या मुठीत कॅरमचा एक स्ट्रायकर. स्ट्रायकर वॉर्डातल्या ब्रदरनी दिला होता. बावीस दिवसांत पोराने अख्ख्या वॉर्डाला कॅरममध्ये हरवलं होतं. ब्रदर म्हणाले, "घेऊन जा रे, इथे ठेवलास तर कुणीतरी हरवेल."

बाकी सगळं रीतसर झालं. डिस्चार्ज कार्डावर निदान होतं, गोळ्यांची नावं होती, सकाळी अर्धी, रात्री एक असं लिहिलेलं होतं, आणि खाली निळ्या शाईचा शिक्का: 'पुढील तपासणी १५ दिवसांनी.' डॉक्टर ताईशी तीन-चार मिनिटं बोलले. गोळ्या चुकवू नका, जागरण नको, ताण देऊ नका. माणूस वाईट नव्हता. दाराबाहेर पन्नास-साठ जण बाकांवर ताटकळत होते आणि त्यालाही दोनच हात होते. पण हा मुलगा राहणार कुठे, तिथे या गोळ्या मिळतात का, कॉलेजचं काय, बापाशी त्याचं पटतं का, यातलं काहीच कुणी विचारलं नाही. खुद्द त्याला तर अवाक्षरानेही नाही. एकोणीस वर्षांचा मुलगा शेजारी उभा होता आणि त्याच्याविषयीचं सगळं बोलणं त्याच्या डोक्यावरून आईशी चाललं होतं.

मग चार-साडेचार तासांचा एसटीचा प्रवास करून आम्ही माणदेशातल्या त्याच्या गावी पोचलो. सरकारदरबारी एक रुग्ण 'सुधारणा होऊन घरी' गेला.

आपल्याकडे नव्या नवरीला सासरी एकटी धाडत नसत. तिच्याबरोबर पाठराखीण जायची. धाकटी बहीण, आत्या, नाहीतर शेजारची एखादी जाणती मुलगी. ती चार दिवस राहायची. न्हाणीघर कुठे, सासूबाईंना चहा कसा लागतो, घरात कुणाच्या रागाला जपायचं, हे नवरीच्या आधी तिला उमगायचं. आणि माहेरी परतल्यावर खरी खबर तीच द्यायची. नवरीच्या पत्रात तर सगळं 'क्षेम' असायचं. मनोविकाराच्या वॉर्डातून घरी परतणाऱ्या तरुण मुलामुलींना अशा पाठराखणीची गरज आहे, आणि ते काम आज कुणाचंच नाही. ते कुणाच्या तरी पगारी नोकरीचं काम व्हायला हवं. माझं म्हणणं एवढंच आहे, पण ते नीट पटवायचं तर घरी आल्यावर काय झालं तिथपासून सांगावं लागेल.

दोन गोळ्या होत्या. एक मुख्य, आणि एक बारीक पांढरी. आठवडाभराच्या गोळ्या दवाखान्यातून दिल्या होत्या, पुढच्या बाहेरून घ्यायच्या. तालुक्याच्या मेडिकलवाल्याने मुख्य गोळी दिली आणि बारीक पांढरीबद्दल म्हणाला, "ही साइड इफेक्टची आहे, स्टॉक संपलाय, नसली तरी चालतं." नसली तर काय होतं ते ती बंद झाल्यावर चौथ्या दिवशी संध्याकाळी कळलं. भाच्याची मान एका बाजूला वळली ती वळलीच. जबडा आवळला, डोळे वर गेले, बोलता येईना. शेजारच्या आजी म्हणाल्या, बाहेरचं दिसतंय, अंगारा लावा. कार्डावरच्या नंबरला मी अकरा वेळा फोन लावला. तो रुग्णालयाच्या एक्स्चेंजचा होता, वाजत राहायचा. शेवटी दाजींनी मोटरसायकलवर मधे बसवून त्याला तालुक्याच्या डॉक्टरकडे नेलं. एक इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ झाली. औषधामुळे स्नायू आखडतात, आणि ते होऊ नये म्हणूनच ती बारीक पांढरी गोळी असते. डॉक्टर लोकांना यात नवल नाही. आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

त्या रात्री भाच्याने ठरवलं की ही गोळी पुन्हा घ्यायची नाही. आता याला वैद्यकीय भाषेत 'औषधास असहकार' म्हणतात, जणू मुलगा हट्टी आहे. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं. ताईला मात्र कार्डावरचं 'गोळ्या चुकवू नये' दिसत होतं. तिने गोळी कुटून आमटीत घालायला सुरुवात केली. त्यानंतर पाचव्या दिवशी त्याला ते कळलं आणि त्याने घरचं जेवण सोडलं. सीलबंद बिस्किटाचा पुडा स्वतः फोडून खायचा, पाणी स्वतः हापशावरून आणायचा. आपल्यावर पाळत आहे, आपल्या खाण्यात काहीतरी घालतात, हाच तर त्याचा आजार होता. आणि आता घरच्यांनी तो खरा करून दाखवला होता.

गावाला आम्ही सांगितलं होतं की कावीळ झाली. खोटं अंगाशी आलंच: एका काकूंनी काविळीचं झाडपाल्याचं औषध तांब्याभर आणून दिलं, ते परसात ओतावं लागलं. कॉलेजात पंचाहत्तर टक्के हजेरीचा प्रश्न होता. हजेरी माफ व्हायला दाखला हवा, दाखल्यावर रोगाचं नाव, आणि कार्यालयातला क्लार्क त्याच्याच आळीतला. ताई तो दाखला पर्समध्ये घेऊन दोनदा कॉलेजच्या फाटकापर्यंत जाऊन परत आली.

हे एका घरचं रडगाणं असतं तर लिहिलं नसतं. दवाखान्यातून बाहेर पडल्यानंतरचे पहिले तीन महिने सगळ्यांत घातक असतात, हे जगभरचं निरीक्षण आहे. २०१७ मध्ये शंभर अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. मनोविकाराच्या वॉर्डातून सुटलेल्यांमधलं आत्महत्यांचं प्रमाण पहिल्या तीन महिन्यांत सर्वाधिक असल्याचं त्यात दिसलं. इंग्लंडमध्ये पूर्वी सुटलेल्या रुग्णाशी सात दिवसांत संपर्क साधण्याचा दंडक होता. मृत्यू पहिल्या काही दिवसांतच अधिक होतात असं लक्षात आल्यावर तो ७२ तासांवर आणला. आमच्या कार्डावर पंधरा दिवस होते. आमची मान वाकडी झाली तोवर पंधरा दिवस व्हायचे होते आणि आमटीचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा होऊन गेले होते. दाजी म्हणाले, पोरगं जेवत नाही, गाडीत बसायला तयार नाही, त्याला काय बांधून नेऊ?

आता तरुणांचंच वेगळं का मांडायचं? कारण हे आजार मुख्यतः तरुणपणी सुरू होतात. सात लाखांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र करून २०२२ मध्ये केलेल्या विश्लेषणात दिसलं की मनोविकार जडलेल्यांपैकी सुमारे ६२ टक्क्यांचा आजार वयाच्या पंचविशीआधी सुरू झाला होता, आणि जवळपास निम्म्यांचा अठराव्या वर्षाआधी. म्हणजे गुडघे ऐन म्हातारपणी दुखतात तसं हे नाही. दहावी-बारावी, पहिली नोकरी, पहिलं प्रेम, घर सोडणं, हे सगळं ज्या पाच-सात वर्षांत घडतं, नेमका तिथेच हा घाव बसतो. चाळिशीतला माणूस दवाखान्यातून परत येतो तेव्हा त्याचं काही ना काही त्याची वाट पाहत असतं: दुकान, बायको, शेत. एकोणिसाव्या वर्षी परत येणाऱ्याचं अजून काही उभंच राहिलेलं नसतं. त्याचे मित्र मात्र तोवर एक सेमिस्टर पुढे गेलेले असतात.

त्यात अठराव्या वर्षाची रेघ. सतरा वर्षं अकरा महिन्यांपर्यंत तुम्ही बालमार्गदर्शन केंद्राचे, महिनाभराने प्रौढांच्या ओपीडीचे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात तर, अल्पवयीन म्हणून दाखल झालेला मुलगा आत असतानाच अठरा वर्षांचा झाला की त्याला 'स्वतंत्र रुग्ण' धरायचं, असं कलम ८८ सांगतं. हक्क म्हणून हे योग्यच आहे. काल बापाची सही चालायची, आज त्याची स्वतःची लागते. पण त्या सहीमागे बसायची त्याची तयारी कोण करून घेतं? इंग्लंडमध्ये लंडन आणि वेस्ट मिडलंड्स भागात डॉ. स्वरण सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या सेवेतून प्रौढांच्या सेवेत जाणाऱ्यांचा मागोवा घेतला. आधी पुरेशी भेटगाठ, माहितीची देवाणघेवाण, दोन्हीकडच्यांची एकत्र बैठक आणि नंतर उपचारांत सातत्य, अशी बऱ्यापैकी पाठवणी शंभरात पाच जणांच्याही वाट्याला आली नव्हती. हे २०१० चं चित्र आहे, आणि तेही सरकारी आरोग्यसेवा मजबूत असलेल्या देशातलं. म्हणजे नुसत्या पैशाने हे सुटत नाही. पाठवणाऱ्याला वाटतं माझं काम संपलं, घेणाऱ्याला वाटतं माझं अजून सुरू झालेलं नाही. मधला फाटा कुणाच्याच सातबाऱ्यावर नाही.

ऑस्ट्रेलियात २००६ पासून 'हेडस्पेस' नावाची केंद्रं निघाली. त्यांनी ती रेघच पुसली. बारा ते पंचवीस वयाच्या मुलांसाठी एकच दार ठेवलं. गंभीर आजारी मुलांना ती पुरेशी पडत नाहीत अशी टीका त्यांच्यावर झाली आहे आणि त्यात तथ्य आहे. पण वयाचा विचार मला पटतो. पोरगं अठराव्या वाढदिवशी मेणबत्ती विझवून प्रौढ होत नाही, हे कुठल्याही आईला विचारा.

कायदा आपल्याकडे कमी आहे असंही नाही. उलट हा कायदा वाचताना मला हेवा वाटला, की हे कुठल्या देशासाठी लिहिलंय. कलम १८ मध्ये निवासी मध्यगृहं (दवाखाना आणि घर यांच्या मधल्या मुक्कामाची), आधारयुक्त घरं, घरच्यांना मदत करणाऱ्या सेवा, मुलांसाठीच्या सेवा, सगळं आहे. कलम १९ म्हणतं, घरचे घेत नाहीत किंवा बाहेर सोय नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. आणि कलम ९८ तर खास डिस्चार्जच्या नियोजनावरच आहे. सोडण्याआधी मनोविकारतज्ज्ञाने रुग्णाशी, त्याने नेमलेल्या प्रतिनिधीशी, तो ज्यांच्याकडे राहायला जाणार त्या घरच्यांशी आणि पुढे उपचार करणार त्या डॉक्टरशी बोलायचं, कोणती सेवा कशी मिळणार याचा आराखडा ठरवायचा. कायदा २०१८ पासून लागू आहे. माझ्या भाच्याच्या बाबतीत हा आराखडा म्हणजे तो निळा शिक्का.

आराखडा होत नाही याचं कारण डॉक्टरांचा आळस नव्हे. ज्याच्याशी बोलायचं तो पलीकडचा माणूसच नसतो. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाच्या, म्हणजे २०१५-१६ च्या वेळी देशात लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ पाऊण होता. पाऊण! कायद्याने दहा वर्षांत मनुष्यबळ आंतरराष्ट्रीय मापाला आणण्यासाठी प्रयत्न करायला सांगितलं आहे, ती मुदत २०२८ ला भरते. आणि आपल्या राज्याची सवय कोणती? येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. आपण त्यांच्यावर इतके विनोद केलेत की 'याला ठाण्याचं तिकीट काढून द्या' म्हटलं की वेगळं काही सांगावं लागत नाही. तिकीट नेहमी जाण्याचं असतं, परतीचं कुणी काढत नाही. बरे झालेल्यांचं काय करायचं हे न सुचल्याने महाराष्ट्रात त्यांना भिक्षेकरी गृहांत आणि वृद्धाश्रमांत हलवलं जात होतं. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला ते थांबवायला सांगावं लागलं. बरा झालेला माणूस भिक्षेकरी गृहात! ही कल्पना कुणाच्या तरी टेबलावर फाईल होऊन आली असेल, तिच्यावर सह्या झाल्या असतील.

"पण आपल्याकडे कुटुंब आहे ना," असं आता कुणीतरी म्हणेल. मला तर म्हटलंच आहे, आरोग्य खात्यातून निवृत्त झालेल्या एका परिचितांनी. परदेशात मुलं अठराव्या वर्षी वेगळी होतात, तिथे असल्या माणसांची गरज. आपल्याकडे आई आहे. बरोबर, आपल्याकडे आई आहे. आणि तिलाच आपण नर्स, कंपाउंडर, समुपदेशक, पहारेकरी आणि कॉलेजशी बोलणी करणारी वकील केलंय, बिनपगारी आणि बिनप्रशिक्षणाची. ताईने आमटीत गोळी घातली ती मायेपोटीच घातली. तिला कुणी सांगितलं असतं की ताई, असं करू नका, याने विश्वास जातो, त्याऐवजी मान का आखडली ते त्याला समजावून सांगा आणि बारीक गोळी मी आणून देतो, तर तिने ऐकलं असतं. माया होती, माहिती नव्हती, आणि विचारायला माणूस नव्हतं. शिवाय तरुण मुलाच्या बाबतीत घर हा आधार असतो तसा आखाडाही असतो. दाजी आणि भाचा यांचं तो आजारी पडायच्या आधीपासून वाजत होतं. अशा घरात तिसरं माणूस लागतं, ज्याच्याशी दोघंही बोलतील.

दुसरा आक्षेप: डॉक्टरच नाहीत, तर ही माणसं आणायची कुठून? याचं उत्तर शोधायला मला लांब जावं लागलं नाही. स्किझोफ्रेनिया हा गंभीर मनोविकार असलेल्यांच्या घरी प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेले स्थानिक कार्यकर्ते पाठवले तर फरक पडतो का, याचा रीतसर प्रयोग गोवा, सातारा आणि तमिळनाडूत झाला, २८२ रुग्णांवर, आणि निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. आमच्याच सातारा जिल्ह्यात हे घडून गेलं होतं आणि आम्हाला पत्ता नव्हता. फरक पडला. नुसत्या ओपीडीपेक्षा, ओपीडी अधिक घरभेटी मिळालेल्यांची लक्षणं आणि अडलेली कामं वर्षभरात थोडी अधिक सुधारली, गोळ्या घेण्यातलं सातत्य वाढलं. 'थोडी' हा शब्द गाळायचा नाही. सगळ्यांत चांगला परिणाम तमिळनाडूच्या ग्रामीण भागात दिसला, लोकांकडून वाट्याला येणारी हेटाळणी आणि घरच्यांवरचं ओझं यांत ठळक फरक दिसला नाही. जादू नाही ही. पण पाऊण डॉक्टरच्या देशात थोडी सुधारणा म्हणजे बरंच आहे.

आणि पाठराखणीची आपल्याला सवय नाही असं कुठे आहे? पुण्याच्या मुक्तांगणने १९८६ पासून व्यसनमुक्तीत काय केलं? आतल्या उपचारांइतकंच वजन बाहेरच्या पाठपुराव्याला दिलं. 'फॉलोअपला ये' हे वाक्य तिथे शिक्क्यात नसतं, माणूस माणसाला सांगतो, आणि सांगणारा बऱ्याचदा स्वतः त्या वाटेने गेलेला असतो. व्यसनी माणसांच्या बायकांसाठी 'सहचरी' गट आहे. कर्जतच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचे कार्यकर्ते रस्त्यावर भरकटलेल्या मनोरुग्णाला बरं वाटलं की थेट त्याच्या गावापर्यंत, त्याच्या उंबऱ्यापर्यंत सोडायला जातात, डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ मध्ये मॅगसेसे मिळालं ते या कामासाठी. कॅलगरीला स्थायिक झालेल्या डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७ मध्ये पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन काढली, तिथे रुग्ण आणि घरचे एकमेकांचे आधारगट चालवतात. नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यांत 'आत्मीयता' या उपक्रमाने गावातल्याच माणसांना ऐकून घ्यायला आणि पुढे पाठवायला शिकवलं. हे सगळं आहे. फक्त ते संस्थांच्या जिवावर आहे. ज्याच्या गावाजवळ संस्था आहे त्याचं नशीब. बाकीच्यांना निळा शिक्का.

आम्ही नशीबवानांत निघालो, जरा उशिरा. सव्वा महिन्याने कुणाच्या तरी ओळखीने एका छोट्या संस्थेचा कार्यकर्ता घरी आला. बारावी शिकलेला, तिशीतला, मोटरसायकलवर हेल्मेट अडकवलेला. पहिल्या तीन भेटींत त्याने आजाराचा शब्द काढला नाही. भाच्याबरोबर कॅरम खेळला आणि तिन्ही वेळा हरला. चौथ्या भेटीला भाच्याने आपणहून विचारलं, "दादा, ती मान वाकडी होते ना, ती परत होईल का?" मग गोळ्यांवर बोलणं झालं. दादाने डॉक्टरांना फोन लावून दिला, भाचा स्वतः बोलला, गोळी बदलून मिळाली. ताईला दादाने सांगितलं की आमटीबद्दल त्याची माफी मागा. तिने मागितली. मी चाळीस वर्षांत कुठल्याही घरात आईला मुलाची माफी मागताना पाहिलं नव्हतं.

आता 'समाज' या शब्दाविषयी थोडं. रुग्णाला समाजात परत न्या, सामुदायिक उपचार द्या, असं म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे पारावर बसलेली प्रेमळ माणसं येतात. समाज म्हणजे अंगारा लावणाऱ्या आजीही, क्लार्कही, आणि पुढे स्थळ बघताना 'त्यांच्या घरात ते आहे बरं का' असं कुजबुजणारी आळीही. म्हणून 'आशाताईंना सांगा, त्या घरोघरी जातातच' हा सोपा उपाय मला पटत नाही. आशाताईंवर आधीच कामांचा डोंगर आहे हे एक. दुसरं म्हणजे त्या गावातल्याच. त्यांच्याजवळ बोललेलं गावात जाईल ही भीती खोटी असली तरी खरीच असते. मुलींच्या बाबतीत तर दुप्पट. कुठल्या दारावर कुणाची मोटरसायकल थांबते हेही गाव मोजतं, मग मुलीकडे बाई कार्यकर्ती लागेल, आणि भेट घरीच हवी असंही नाही. तालुक्याच्या ग्रंथालयात भेटता येईल, एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये, नाहीतर फोनवर. कुणी यायचं आणि कुठे भेटायचं हे त्या मुलाला-मुलीला विचारून ठरवायचं, एवढं साधं आहे. विचारत कुणी नाही.

जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात आहे. त्याच्याच चौकटीत प्रत्येक तालुक्यासाठी एक अशी पगारी व्यक्ती नेमा, जिच्या यादीत त्या तालुक्यात परतलेली पंचवीस वर्षांखालचा प्रत्येक मुलगा आणि मुलगी असेल. ती व्यक्ती त्यांना रुग्णालयात, सुटण्याआधी, एकदा तरी समोरासमोर भेटलेली असावी. अनोळखी माणसाला कुणी दार उघडत नाही. तिचा मोबाइल नंबर कार्डावर असावा, एक्स्चेंजचा नको. तिसऱ्या दिवसाच्या आत तिचा फोन यावा. गोळ्या गावात मिळतात की नाही ही चौकशी सोडण्याआधी व्हावी, नसतील तर महिनाभराच्या बरोबर द्याव्यात. कॉलेजच्या दाखल्यावर 'वैद्यकीय कारण' इतकंच लिहून भागावं. आणि तीन महिन्यांनी तिने रुग्णालयाला कळवावं की मुलगा कसा आहे, कारण आज रुग्णालयाला ते कधीच कळत नाही. तिथे तो 'सुधारणा होऊन घरी'च राहतो.

२०२२ च्या ऑक्टोबरपासून टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सरकारी फोन-मदत आहे, १४४१६. मराठीत बोलतात, रात्रीही उचलतात, मी स्वतः एकदा लावला आहे. अडीअडचणीला जरूर लावावा. पण रोज नवा आवाज, रोज पहिल्यापासून सांगा. भाचा म्हणाला, "मावशी, मला माझी गोष्ट परत परत सांगायचा कंटाळा येतो गं." मला त्यात बरंच काही ऐकू आलं.

खर्चाचा प्रश्न येणारच. मी अर्थशास्त्री नाही. भाचा दुसऱ्यांदा भरती झाला असता तर पुन्हा वीस-बावीस दिवस खाट अडली असती, ताईची मजुरी बुडली असती, त्याचं एक वर्ष गेलं असतं, हे मात्र मला बोटांवर मोजता येतं. ते टळलं, एका बारावी शिकलेल्या माणसाच्या महिन्याच्या दोन फेऱ्यांनी आणि त्याच्या पेट्रोलने. अर्थात टळलंच असं कसं म्हणू? आज टळलंय.

गेल्या महिन्यात दादाने भाच्याला सांगितलं की कायद्याने तुला तुझा प्रतिनिधी नेमता येतो. पुन्हा कधी तब्येत बिघडली तर तुझ्या वतीने कुणी बोलायचं, ते आत्ता, बरा असताना ठरवून ठेव. साध्या कागदावर लिहून सही केली तरी चालते. भाच्याने वहीचं पान फाडलं. ताईला वाटलं तिचं नाव लिहील. दाजींना वाटलं, घरात कर्ता पुरुष मी आहे. त्याने कॉलेजातल्या एका मित्राचं नाव लिहिलं. वॉर्डात असताना रोज फोन करणारा तो एकटाच होता, हे आम्हाला तेव्हा कळलं.

दाजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सकाळी शेतावर निघताना उंबऱ्यात थांबले आणि भाच्याला म्हणाले, "त्या पोराचा नंबर दे. माझ्या फोनमध्ये असू दे."